क्रोमियमचा डोस वाढवला की कॉमेटची शेपूट आखूड का होते? (धातूंमुळे होणारी डीएनएची हानी)

रानजाई

नमस्कार. मानवी लिम्फोसाइटवर (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) तीन धातूंचा परिणाम अल्कलाइन कॉमेट असेने (एकेका पेशीतल्या डीएनएच्या तुटी दाखवणारी चाचणी) मोजायचं काम चालू आहे. एका जागी गाडं अडलंय, म्हणून सगळा तपशील देते.

रक्त ईडीटीएच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलं. काही नमुन्यांत धातू थेट रक्तातच मिसळला. बाकीच्यांत हिस्टोपेक १०७७ या रक्तपेशी वेगळ्या करणाऱ्या द्रवावर ४०० जी ला ३० मिनिटं फिरवून लिम्फोसाइट वेगळे केले, पीबीएसने दोनदा धुतले आणि १० टक्के सीरम घातलेल्या आरपीएमआय माध्यमात ३ तास धातू दिला. पोटॅशियम डायक्रोमेट १, ५, १०, २५ आणि ५० मायक्रोमोलर. लेड नायट्रेट आणि कॅडमियम क्लोराइड १० ते १०० मायक्रोमोलर. पुढे ०.७ टक्के लो मेल्टिंग अ‍ॅगरोज, ४ अंशाला रात्रभर लायसिस, २० मिनिटं उलगडा, २५ व्होल्ट व ३०० मिलिअँपिअरवर २० मिनिटं इलेक्ट्रोफोरेसिस, ट्रिसने उदासीनीकरण, एथिडियम ब्रोमाइड.

क्रोमियममध्ये शेपटीतला डीएनए १० मायक्रोमोलरपर्यंत चढतो, २५ ला उतरतो आणि ५० ला जवळजवळ कंट्रोलइतका दिसतो. ट्रायपॅन ब्लूने (हा रंग फक्त मेलेल्या पेशींत शिरतो) सगळीकडे ८५ टक्क्यांच्या वर पेशी जिवंत. शिशाचा काहीच परिणाम नाही. कॅडमियममध्ये फक्त सगळ्यात वरच्या डोसला किंचित वाढ. हायड्रोजन पेरॉक्साइडचा पॉझिटिव्ह कंट्रोल मात्र चांगला येतो.

पद्धत बदलायची का? की या तीन धातूंना कॉमेट चालतच नाही?

प्रयोगवही

पद्धत टाकून देऊ नका. तुमचा क्रोमियमचा आलेख चुकलेला नाही, तो वेगळीच गोष्ट सांगतोय.

जे नुसतं वाचताहेत त्यांच्यासाठी थोडक्यात: पेशी अ‍ॅगरोजमध्ये बसवून तिचं पटल आणि प्रथिनं लायसिसमध्ये काढून टाकतात. उरतो तो डीएनएचा गुंता. पीएच १३ च्या वर तो उलगडतो, आणि वीज लावली की तुटलेला भाग धन टोकाकडे सरकतो. सूक्ष्मदर्शकाखाली डोकं आणि शेपूट दिसतं. नरेंद्र सिंग व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ही अल्कलाइन रीत मांडली, त्यामुळे एकेरी तुटी आणि अल्कलीत तुटणाऱ्या जागाही मोजता येऊ लागल्या. ध्यानात ठेवायचं ते एवढंच की ही चाचणी डीएनए किती *मोकळा* झाला ते मोजते. तो जखडला गेला असेल, तर शेपूट आखूड होते.

आणि डायक्रोमेटमधलं सहा संयुजेचं क्रोमियम नेमकं जखडतं. क्रोमेटचा आयन सल्फेटसारखा दिसतो, म्हणून सल्फेट-फॉस्फेटच्या वाटेने सहज आत शिरतो. आत क जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन आणि सिस्टीन त्याला टप्प्याटप्प्याने तीन संयुजेपर्यंत आणतात. या वाटेवर तुटी होतात. शेवटी तयार झालेलं तीन संयुजेचं क्रोमियम डीएनएच्या फॉस्फेटला आणि क्षारकांना चिकटतं, शेजारची प्रथिनं डीएनएला बांधतं, कधी दोन धागे एकमेकांना बांधतं. कमी डोसला तुटी वरचढ, जास्त डोसला बांधणी वरचढ. म्हणून डोंगर चढून उतरल्यासारखा आलेख.

खातरजमा दोन रीतींनी करता येते.

पहिली, प्रोटिनेज के. प्रत्येक डोसच्या जास्तीच्या स्लाइड करा. लायसिसनंतर टीई बफरने (ट्रिस आणि ईडीटीएचं) चांगल्या धुवा, म्हणजे मीठ आणि ट्रायटन निघून जाईल. मग अर्ध्या स्लाइडवर टीईमध्ये १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर प्रोटिनेज के आणि अर्ध्यांवर नुसतं टीई, ३७ अंशाला २ तास, ओलसर डब्यात. पुढचं सगळं नेहमीप्रमाणे. २५ आणि ५० मायक्रोमोलरची शेपूट एन्झाइमने वाढली आणि नुसत्या बफरने नाही वाढली, तर डीएनए-प्रोटीन क्रॉसलिंक, म्हणजे ही बांधणी, सिद्ध. नुसत्या टीईची जोडी टाळू नका. २ तास ३७ अंशाला ठेवल्यानेच थोडी शेपूट वाढते.

दुसरी, आव्हान चाचणी. सगळ्या पेशींना एक ठरावीक तोडणारा मारा द्यायचा आणि धातू दिलेल्या पेशींची शेपूट त्या माऱ्याने किती *कमी* वाढते ते बघायचं. चार गट: कंट्रोल, नुसता धातू, नुसता मारा, धातू आणि मारा. धातू व मारा मिळून शेपूट नुसत्या माऱ्यापेक्षा आखूड आली की बांधणी आहे.

पेशीवाचक

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, पण आव्हान चाचणीत एक खाच आहे. मारा म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड वापरला आणि पेशीत क्रोमियम उरलं असेल, तर दोघांची आपसात अभिक्रिया होऊन हायड्रॉक्सिल मूलके (डीएनए तोडणारे अतिक्रियाशील कण) तयार होतात. मग तुटी वाढतात आणि बांधणी झाकली जाते. क्रोमियमसाठी क्ष-किरण किंवा गॅमा किरण उत्तम, ५ ग्रे च्या आसपास, पेशी बर्फावर ठेवून. मोठ्या रक्तपेढ्यांकडे रक्त किरणित करण्याचे यंत्र असते, तिथे रीतसर विचारणा करता येते.

डोसबद्दल दोन गोष्टी.

पोटॅशियम डायक्रोमेटच्या एका रेणूत क्रोमियमचे दोन अणू असतात. ५० मायक्रोमोलर डायक्रोमेट म्हणजे १०० मायक्रोमोलर क्रोमियम. सोडियम क्रोमेट वापरलेल्या निबंधांशी तुलना करताना हे विसरले की दुपटीचा फरक पडतो. वहीत कायम क्रोमियमच्या हिशेबाने लिहा.

दुसरे, ३ तासांनंतरचा ट्रायपॅन ब्लू फार काही सांगत नाही. पटल फाटायला वेळ लागतो. त्याच पेशींचा भाग धातूविरहित माध्यमात ठेवून २४ तासांनी पुन्हा मोजा. तेव्हा जिवंत पेशी ७० टक्क्यांच्या खाली आल्या, तर त्या डोसच्या शेपटीत मरणाऱ्या पेशींचा वाटा असू शकतो.

आणखी एक शक्यता तपासून बाजूला काढा. अतिशय तुकडे झालेला डीएनए लायसिस व उलगड्यात जेलमधून चक्क निघून जातो; उरलेल्या पेशी चांगल्या दिसतात आणि सरासरी खाली येते. ओळखायची रीत सोपी: प्रत्येक जेलमध्ये समान पेशी घातल्या असतील, तर एका ठरावीक क्षेत्रात दिसणाऱ्या कॉमेटची संख्या मोजा आणि प्रत्येक कॉमेटची एकूण चकाकी कंट्रोलशी ताडा. दोन्ही जागेवर असतील तर घसरण क्रॉसलिंकची.

रानजाई

डायक्रोमेटचा हिशेब रेणूंचाच आहे, तो अणूंवर आणते. गॅमाची सोय होऊ शकेल. पण शिशाचं काय? १०० मायक्रोमोलरलाही काही नाही म्हणजे शिसं डीएनएला हातच लावत नाही असं म्हणायचं का?

खडूफळा

शिसं पेशीपर्यंत पोचलं का, हा आधीचा प्रश्न आहे. तुमच्या मांडणीत ते दोन ठिकाणी अडतं.

एक, ईडीटीएची नळी. ईडीटीए हा धातू पकडणारा पदार्थ. शिसं आणि कॅडमियम तर तो घट्ट धरतो. ज्या नमुन्यांत तुम्ही थेट रक्तात धातू मिसळलात, तिथे बराचसा धातू ईडीटीएने आधीच बांधला. पेशी वेगळ्या करून दोनदा धुतल्यावर तो धोका कमी होतो, तरी असल्या प्रयोगाला हिरव्या टोपणाची हेपरिनची नळीच घ्यावी.

दोन, फॉस्फेट. आरपीएमआय १६४० मध्ये साडेपाच मिलिमोलरच्या आसपास फॉस्फेट असतं, पीबीएसमध्ये त्याहून जास्त. शिशाचं फॉस्फेट अतिशय कमी विरघळतं. कार्बोनेटचंही तेच. माध्यम नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसेल, पण बारीक साका तळाशी बसलेला असतो. पेशी न घालता तेच माध्यम, तोच डोस, तोच वेळ ठेवा; १०,००० जी ला फिरवा; वरच्या द्रवातलं शिसं एएएस किंवा आयसीपी-एमएसवर (द्रवातले धातू मोजणारी यंत्रं) मोजा. घातलेलं आणि विरघळलेलं यातली तफावत त्यातच कळेल.

उपाय म्हणजे फॉस्फेट आणि बायकार्बोनेट नसलेलं क्षारद्रावण. सोडियम क्लोराइड १४०, पोटॅशियम क्लोराइड ५, कॅल्शियम क्लोराइड १, मॅग्नेशियम क्लोराइड १, ग्लुकोज ५ आणि हेपेस १० मिलिमोलर, पीएच ७.४. यात १ ते ३ तास लिम्फोसाइट नीट राहतात. धुण्यासाठीही हेच वापरा. सीरम घालू नका, अल्ब्युमिन धातू धरून ठेवतं. बायकार्बोनेट नाही, म्हणून कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरऐवजी साध्या ३७ अंशाच्या वॉटर बाथमध्ये नळी घट्ट बंद करून ठेवा.

भांडी १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवून अतिशुद्ध पाण्याने धुतलेली हवीत. पातळ द्रावणातले धातू काचेला चिकटतात, म्हणून स्टॉक पॉलिइथिलीनच्या बाटलीत.

मृदगंध

कॅडमियमबद्दल माझं म्हणणं स्पष्ट आहे: फक्त कॅडमियम देऊन शेपूट शोधणं हा चुकीचा प्रश्न आहे.

कॅडमियम डीएनएला थेट फारसं चिकटत नाही, आणि लोहासारखं स्वतः मूलके बनवणारं चक्रही चालवत नाही. ते ग्लुटाथायोन संपवतं आणि दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांतलं जस्त हुसकून त्यांना निकामी करतं. म्हणजे हानी करण्यापेक्षा हानी *भरून येऊ देत नाही*. तेव्हा मोजायची ती दुरुस्ती.

पेशींना कमी, न मारणाऱ्या डोसने २४ तास कॅडमियम द्या. तो डोस तुमच्या पेशींवर २४ तासांची विषारीपणाची चाचणी करून ठरवा. धुवा. बर्फावर ५ मिनिटं ५० मायक्रोमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड. पुन्हा थंड द्रावणाने धुवा. मग ३७ अंशाच्या ताज्या माध्यमात ठेवून ०, १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांना थोड्या थोड्या पेशी काढून थेट अ‍ॅगरोजमध्ये. कंट्रोलची शेपूट झपाट्याने उतरते, कॅडमियमच्या पेशींची रेंगाळते. उतरणीचा वेग हाच निकाल. अर्सेनाइट आणि निकेललाही हीच मांडणी उपयोगी पडते.

नुकत्याच वेगळ्या केलेल्या, विभाजन न होणाऱ्या लिम्फोसाइटमध्ये दुरुस्ती मुळातच मंद असते. पीएचएने (लिम्फोसाइटना विभाजनाला लावणारा पदार्थ) उत्तेजित केलेल्या किंवा हेपजी२ सारख्या (यकृताच्या कर्करोगातून वाढवलेल्या) पेशी घेतल्या तर फरक ठळक दिसतो.

एफपीजी एन्झाइमही जोडा. साध्या कॉमेटला ऑक्सिडाइझ झालेले क्षारक दिसत नाहीत. एफपीजी ८-ऑक्सोग्वानिन ओळखून तिथे धागा तोडतं, मग ते शेपटीत मोजता येतं. बफर: हेपेस ४० मिलिमोलर, पोटॅशियम क्लोराइड ०.१ मोलर, ईडीटीए ०.५ मिलिमोलर, बीएसए ०.२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, पीएच ८.० पोटॅशियम हायड्रॉक्साइडने. लायसिसनंतर या बफरने ५-५ मिनिटं तीनदा धुवायचं, मग ३७ अंशाला ३० मिनिटं. एका स्लाइडवर एन्झाइम, जोडीच्या स्लाइडवर नुसतं बफर. पहिल्यातून दुसरं वजा केलं की ऑक्सिडाइझ क्षारकांचा आकडा.

धुण्यात हयगय नको. एफपीजीमध्ये स्वतःच जस्ताची घडी आहे आणि कॅडमियम त्यालाही निकामी करतं. जेलमध्ये धातू उरला तर एन्झाइम गप्प बसेल, आणि निकाल "ऑक्सिडेशन नाही" असा निघेल. खात्रीसाठी पोटॅशियम ब्रोमेट दिलेल्या पेशींचा कंट्रोल ठेवा. ब्रोमेट मुख्यतः ८-ऑक्सोग्वानिन तयार करतं, म्हणून साध्या कॉमेटमध्ये थोडं आणि एफपीजीमध्ये भरपूर दिसायला हवं. तुमचा हायड्रोजन पेरॉक्साइडचा कंट्रोल टँक चालतो एवढंच सांगतो, एन्झाइमबद्दल काही सांगत नाही. एन्झाइमची प्रत्येक नवी बॅच अनेक विरलतांना लावून, शेपूट ज्या पातळीला स्थिर होते ती निवडा.

शेजारचा_टँक

टँकचा विषय निघालाच आहे तर त्यावर सविस्तर लिहितो, कारण "२५ व्होल्ट, ३०० मिलिअँपिअर" एवढं लिहून दुसऱ्या प्रयोगशाळेला काहीच कळत नाही.

डीएनएला ओढतं ते स्लाइडवरचं व्होल्ट प्रति सेंटिमीटर. पॉवर सप्लायवरचे २५ व्होल्ट दोन तारांमधले. पण टँकच्या दोन्ही बाजूंच्या खोल भागात द्रव जास्त, म्हणून तिथे विरोध कमी. मधल्या चौथऱ्यावर द्रवाचा थर अवघा काही मिलिमीटर, म्हणून बहुतेक व्होल्टेज तिथेच उतरतं. तेव्हा चौथऱ्याच्या दोन टोकांना मल्टिमीटरची टोकं लावून प्रत्यक्ष मोजा आणि चौथऱ्याच्या लांबीने भागा. २० सेंटिमीटरच्या चौथऱ्यावर १४ व्होल्ट म्हणजे ०.७ व्होल्ट प्रति सेंटिमीटर. प्राण्यांवरच्या कॉमेटसाठीच्या ओईसीडी ४८९ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतही निदान ०.७ व्होल्ट प्रति सेंटिमीटर आणि २० मिनिटं याच्या जवळपासचीच अपेक्षा आहे. उलगड्याला २० मिनिटं हे तिथे किमान धरलं आहे. क्रॉसलिंक शोधताना ४० मिनिटं द्या, म्हणजे कंट्रोलची शेपूट थोडी वाढेल आणि ती खाली येते का हे बघायला जागा मिळेल.

द्रवाची उंची दोन मिलिमीटरने बदलली तरी विद्युतप्रवाह बदलतो. बरेच जण व्होल्टेज स्थिर ठेवून ३०० मिलिअँपिअर येईपर्यंत बफर घालतात-काढतात. त्यापेक्षा एकदा पातळी ठरवा, मोजपात्राने आकारमान नोंदवा आणि दर वेळी तेवढंच घ्या. मग मिलिअँपिअर हा नियंत्रणाचा काटा बनतो: आज ३०० ऐवजी ३४० दिसले तर बफर तरी वेगळं आहे किंवा तापमान तरी.

बफर १ लिटरसाठी: १० नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ३० मिलिलिटर, २०० मिलिमोलर ईडीटीए ५ मिलिलिटर, बाकी थंड पाणी. पीएच १३ च्या वर साध्या काचेचा इलेक्ट्रोड सोडियममुळे कमी आकडा दाखवतो. मीटर बघून अल्कली वाढवत बसू नका, वजनमापाने बनवा. सोडियम हायड्रॉक्साइडचा स्टॉक हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कमजोर होतो, म्हणून घट्ट बंद प्लास्टिकच्या बाटलीत आणि दर दोन आठवड्यांनी नवा. प्रत्येक फेरीला ताजं बफर, आधी ४ अंशाला गार केलेलं. खोलीच्या तापमानाला अल्कलीत तुटणाऱ्या जागा जास्त उघडतात आणि कंट्रोलची शेपूट फुगते. मे महिन्यातले आणि डिसेंबरातले कंट्रोल जुळत नाहीत ते बहुधा याच कारणाने.

टँक पूर्ण भरा. कमी स्लाइड असतील तर रिकाम्या स्लाइड लावून जागा भरून काढा. डोस आणि कंट्रोल एका रांगेत एका टोकाला लावू नका, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. आणि दर फेरीत एक ओळखीचा नमुना ठेवा: एकाच दिवशी हायड्रोजन पेरॉक्साइड देऊन गोठवलेल्या पेशींच्या कुप्या. त्याची शेपूट नेहमीच्या पट्ट्यात आली नाही तर ती फेरी रद्द. वीज जाते तिथे पॉवर सप्लाय यूपीएसवर हवा. मध्येच प्रवाह थांबला तर पेशी अल्कलीत तशाच पडून राहतात आणि ती फेरी बाकीच्यांशी ताडता येत नाही.

कोकणी_मेवा

जेल निसटतं त्याबद्दल कुणी लिहिलं नाही. स्लाइड मिथेनॉलमध्ये बुडवून ज्योतीवरून फिरवून तेलकटपणा घालवा. मग १ टक्का साध्या अ‍ॅगरोजचा पहिला थर देऊन पूर्ण वाळवा. पावसाळ्यात हा थर ओलसर राहतो आणि दुसरा थर अल्कलीत सुटून येतो. सिलिका जेल घातलेल्या डब्यातच ठेवा. लो मेल्टिंग अ‍ॅगरोज ३७ अंशाला, पेशी साधारण १०,००० ते २०,०००, एका थेंबात ७५ ते १०० मायक्रोलिटर. त्याहून गरम घातलं तर पेशी भाजतात आणि कंट्रोल वर जातो. कव्हरस्लिप सरकवून काढा, उचलून नको.

लायसिसचं द्रावण (१ लिटरला मीठ १४६.१ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ३७.२ ग्रॅम, ट्रिस १.२ ग्रॅम) सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच १० कडे नेईपर्यंत ईडीटीए विरघळत नाही, घाबरू नका. वापरायच्या आधी १ टक्का ट्रायटन आणि संपूर्ण रक्त असेल तर १० टक्के डीएमएसओ, कारण हिमोग्लोबिनचं लोह मूलके तयार करतं. लायसिसपासून उदासीनीकरणापर्यंत खोलीतले पांढरे दिवे बंद, पिवळा मंद दिवा.

रानजाई

सगळं टिपून घेतलं. मोजणीबद्दल: प्रत्येक स्लाइडवर ५० कॉमेट पुरेत का? आणि टेल मोमेंट (शेपटीची लांबी आणि तिच्यातला डीएनए मिळून काढलेला आकडा) की शेपटीतले टक्के डीएनए?

पेशीवाचक

टक्के डीएनए. टेल मोमेंट वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या सूत्राने निघतो. टक्क्यांचा अर्थ सगळीकडे सारखा. ओपनकॉमेट आणि कॅस्प दोन्ही मोफत आहेत. कॅमेऱ्यात डोक्याची चकाकी शंभर टक्क्यांवर जाऊन कापली जाऊ नये, नाहीतर डोक्यातला डीएनए कमी मोजला जातो आणि शेपटीचे टक्के खोटे वाढतात.

दोन जेल, प्रत्येकी ५०, म्हणजे नमुन्याला १००. ओईसीडी ४८९ मध्ये १५० सांगितले आहेत. मोजणाऱ्याला डोस माहीत नसावा. कडा आणि बुडबुड्यांजवळचे टाळा, एकमेकांवर आलेले टाळा. डोकं जवळजवळ नाहीसं होऊन नुसता ढग उरलेल्या पेशी सरासरीत न धरता वेगळ्या रकान्यात लिहा, पण त्यांची टक्केवारी निकालात द्याच.

सांख्यिकीत सर्वाधिक गफलत इथे होते: १०० कॉमेट म्हणजे १०० नमुने नव्हेत. प्रत्येक जेलची मध्यमा (मीडियन) काढा, जेलच्या मध्यमांची सरासरी म्हणजे एका प्रयोगाचा *एक* आकडा. निदान तीन स्वतंत्र प्रयोग, शक्यतो तीन वेगळ्या दात्यांचे, आणि चाचणी त्या तीन आकड्यांवर. १०० पेशींवर टी-टेस्ट लावली तर क्षुल्लक फरकही लक्षणीय दिसतो. निबंधात काय काय नोंदवायचं याची यादी २०२० मध्ये मिर्का या नावाने आली आहे. तिच्याप्रमाणे तक्ता आधीच आखून घ्या.

वाटसरू_पूर्वेचा

थोडं बाजूला. ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यातल्या क्रोमाइट खाणी, कानपूरच्या जाजमऊचे चामड्याचे कारखाने, बंगालमधली आर्सेनिकची गावं, अशा ठिकाणच्या माणसांच्या नमुन्यांवर हेच वापरायचं का?

मृदगंध

माणसांसाठी कॉमेट एकट्याने पुरत नाही. तो गेल्या काही तासा-दिवसांची हानी दाखवतो, दुरुस्त झालेली हानी निघून जाते. सोबत सायटोकायनेसिस (पेशी दुभंगणं) रोखलेली मायक्रोन्यूक्लियस चाचणी घ्या; मायक्रोन्यूक्लियस म्हणजे विभाजनात मागे राहिलेल्या गुणसूत्राचं वेगळं छोटं केंद्रक. पीएचए घालून पेशी वाढवायच्या, ४४ व्या तासाला सायटोकॅलेसिन बी घालायचं, ७२ व्या तासाला काढायच्या. केंद्रक दोन झालेले पण पेशी दुभंगलेली नाही अशाच मोजायच्या, निदान १,०००. मायक्रोन्यूक्लियसचा व्यास मुख्य केंद्रकाच्या १/१६ ते १/३, कडा स्पष्ट, केंद्रकाला जोडलेला नको, चमकणारा नको. सेंट्रोमिअरचं रंजन केलं तर गुणसूत्र तुटलं की अख्खं मागे राहिलं तेही कळतं. आर्सेनिकच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा आहे. जीवाणूंवरच्या एम्स चाचणीवर इथे भिस्त ठेवू नका. सहा संयुजेचं क्रोमियम तिच्यात पकडलं जातं, आर्सेनिक आणि कॅडमियम बहुधा निसटतात.

नमुने दूरवरून येणार असतील तर पेशी १० टक्के डीएमएसओमध्ये हळूहळू गोठवा आणि वितळवल्यावर लगेच थंड माध्यमात विरळ करा. गावातले आणि तुलनेच्या गटातले नमुने आलटून पालटून एकाच फेरीत चालवा.

धूम्रपान नक्की विचारा, तंबाखूच्या धुरातून कॅडमियम येतं. आणि मूत्रातलं आर्सेनिक मोजताना आधीच्या तीन-चार दिवसांत मासे-कोळंबी खाल्ली का तेही. समुद्री माशांत आर्सेनोबिटेन असतं, ते जवळजवळ निरुपद्रवी, पण एकूण आर्सेनिकचा आकडा फुगवतं. कोकण-गोव्यातला तुलनेचा गट घेतलात तर प्रकार वेगळे करून मोजल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

मूत्रातलं ८-ऑक्सोडीजी (डीएनएच्या ऑक्सिडेशनची खूण) एलायझाने, म्हणजे प्रतिपिंडाच्या चाचणीने, मोजलं तर एलसी-एमएस या यंत्रापेक्षा जास्त येतं, कारण प्रतिपिंड इतर पदार्थांनाही चिकटतं. क्रिएटिनिनने भागायला विसरू नये. पेशीतल्या डीएनएवर मोजायचं असेल तर डीएनए काढतानाच नवं ऑक्सिडेशन होतं; फिनॉल टाळा आणि काढणीच्या द्रावणात डेस्फेरॉक्सामाइन घाला.

खडूफळा

सांडपाण्याचंही लिहितो, कारण सहा संयुजेचं क्रोमियम, कॅडमियम आणि आर्सेनिक हे तिन्ही आयएआरसीच्या (कर्करोगावरची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था) पहिल्या गटात आहेत, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे सिद्ध आहे. बेसिनमध्ये एक थेंबही नको. क्रोमियमचं पाणी पीएच २-३ ला आणून फेरस सल्फेट घाला, पिवळा-नारिंगी रंग जाऊन हिरवट होईल. मग चुन्याने पीएच ८-९, हायड्रॉक्साइड तळाशी बसेल. तो गाळ, आणि कॅडमियम, शिसं, आर्सेनिक यांची वेगवेगळी लेबल लावलेली कॅन, २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे अधिकृत केंद्राकडे. डायक्रोमेटची पूड तोलताना हातमोजे आणि मास्क, फ्यूम हुडच्या आत.

रानजाई

तर आता असं ठरवते. रक्त हेपरिनमध्ये. शिशाला हेपेस क्षारद्रावण, आधी विरघळलेलं शिसं एएएसवर. क्रोमियमचे डोस अणूंच्या हिशेबाने २, ५, १०, २०, ५०, १०० मायक्रोमोलर, प्रत्येकी साधी, टीईची आणि प्रोटिनेज केची स्लाइड, शिवाय गॅमाचे चार गट, उलगडा ४० मिनिटं. कॅडमियमला हेपजी२ मध्ये दुरुस्तीचा आलेख, एफपीजीसह, ब्रोमेट कंट्रोल. काही राहतंय का?

प्रयोगवही

दोन गोष्टी जोडा.

क्रोमियम क्लोराइडचा एक गट घ्या, त्याच अणुसंख्येचा. तीन संयुजेचं क्रोमियम पेशीत फारसं शिरत नाही, म्हणून तिथे बदल दिसायला नको. दिसला तर तुमच्या पुडीत भेसळ आहे किंवा पटल फाटलंय.

आणि ३ तासांनंतर माध्यमात सहा संयुजेचं क्रोमियम किती उरलं ते डायफिनाइल कार्बाझाइडने तपासा. माध्यम १० किलोडाल्टनच्या गाळणीतून फिरवून घ्या, कारण आम्ल घातलं की सीरमची प्रथिनं साकळतात आणि क्रोमियमला तिथल्या तिथे क्षपितही करतात. सल्फ्युरिक आम्लाने आम्लधर्मी करा, अ‍ॅसिटोनमधलं ०.५ टक्के कार्बाझाइड घाला, जांभळा रंग ५ ते १० मिनिटांत स्थिर झाला की ५४० नॅनोमीटरला वाचा. मानक रेषा पाण्यात न काढता त्याच गाळलेल्या माध्यमात काढा, म्हणजे फिनॉल रेडचा वाटा आपोआप वजा होईल. शून्य तास आणि तीन तास दोन्ही वाचा. पेशी नसलेल्या नळीतही आकडा निम्म्यावर आला, तर सीरम काढून सगळे डोस पुन्हा लावावे लागतील.

रानजाई

गाळण्या मागवते. शून्य तासाचे वाचन आणि क्रोमियम क्लोराइडचा गट तक्त्यात घातला. सोमवारी पहिली फेरी लागेल, प्रोटिनेजच्या स्लाइडचे आकडे इथेच टाकते.

शेजारचा_टँक

आकड्यांबरोबर चौथऱ्यावरचं व्होल्टेज, सुरुवातीचे व शेवटचे मिलिअँपिअर आणि बफरचं तापमानही टाका. ४० मिनिटांच्या उलगड्यात बफर तापायला वाव असतो, बर्फाच्या ट्रेमध्ये टँक बसवा.